'पाश्चर' म्हणजे मेंढपाळ

सकाळी दारात येऊन पडणाऱ्या दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' हा शब्द छापलेला असतो. चहा टाकण्याच्या घाईत तो कोणी वाचत नाही. या शब्दात लुई पाश्चर या शास्त्रज्ञाचे आडनाव दडले आहे, एवढे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातून आठवत असते. पण त्या आडनावाला स्वतःचा एक अर्थ आहे, आणि आपण ते जसे उच्चारतो तसे ते खुद्द पाश्चर यांनी कधीच उच्चारले नसेल.

फ्रेंचमध्ये 'पाश्चर' म्हणजे मेंढपाळ. मूळ लॅटिन शब्द 'पास्तोर', म्हणजे गुरेमेंढ्या चारणारा. हाच शब्द ख्रिस्ती धर्मोपदेशकालाही लावला गेला. भक्तांचा कळप सांभाळतो तो मेंढपाळ, अशी ती कल्पना. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये ज्यांना 'पास्टर' म्हणतात, त्यांचा शब्द तोच. रोजच्या फ्रेंच बोलण्यात मेंढपाळाला 'बेर्झे' हा दुसरा शब्द आहे. 'पाश्चर' थोडा पोथीतला वाटतो. धंद्यावरून पडलेली आडनावे आपल्याला नवीन नाहीत. सोनार, सुतार, लोहार, कुलकर्णी प्रत्येक गावात आहेत, आणि त्यातले कितीतरी जण आज बँकेत नाहीतर आयटीत आहेत. पाश्चर घराण्याचेही तसेच झाले होते. आडनाव मेंढपाळाचे, धंदा मात्र कातडी कमावण्याचा.

आता उच्चार. फ्रेंच माणूस हे आडनाव साधारण 'पास्तर' असे म्हणतो. त्यातला 'त' आपल्या मराठी 'त'सारखाच, जीभ दाताला लावून. पुढचा स्वर मात्र मराठीत नाही. 'ओ' म्हणताना होतात तसे ओठ गोल करून 'ए' म्हणायला गेले की जवळपास तो साधतो. शेवटचा 'र' घशातून घासून येतो. इंग्रजांच्या जिभेला यातले काहीच सोयीचे नाही. 'त'चा त्यांनी 'ट' केला आणि शास्त्रज्ञाचे नाव 'पॅस्टर'च्या आसपास नेले. दूध तापवण्याच्या क्रियेला मात्र ते 'पास्चराइज' म्हणू लागले. 'नेचर', 'पिक्चर', 'फर्निचर' या शब्दांत 'ट' आणि 'यू' एकत्र येऊन त्यांचा जसा 'च' होतो, तसाच तो येथेही झाला. गंमत अशी, की इंग्रजीत 'पास्चर' असाच उच्चार असलेला एक जुना शब्द आधीपासून होता. त्याचा अर्थ कुरण, आणि तोही त्याच लॅटिन मुळातून आलेला. म्हणजे मेंढपाळाचे नाव बिघडत बिघडत कुरणात जाऊन पोहोचले.

पुढचे काम आपण केले. 'स'नंतर 'च' आला की 'स'चा 'श' होतो, ही संस्कृत संधीची सवय आपल्या जिभेला आहे. निस् आणि चय मिळून निश्चय होतो तसे. 'पास्चर'चा 'पाश्चर' झाला आणि पाठ्यपुस्तकात तोच रूढ झाला. त्यातही एक विसंगती राहिली. 'लुई' हे पहिले नाव आपण शेवटचा 'स' गाळून शुद्ध फ्रेंच पद्धतीने म्हणतो आणि आडनाव मात्र इंग्रजीमार्गे आलेले. ते आता बदलण्याचे कारण नाही. मराठीत पाश्चर म्हणजे पाश्चरच.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समध्ये ज्युरा डोंगररांगांच्या पायथ्याशी दोल या गावी झाला. त्यांचे पणजोबा क्लोद एतिएन हे एका सरदाराचे भूदास होते. १७६३ मध्ये चार सोन्याच्या मोहरा मोजून त्यांनी स्वतःला आणि पुढच्या पिढ्यांना मोकळे करून घेतले आणि कातडी कमावण्याचा धंदा धरला. आजोबा आणि वडीलही त्याच धंद्यात होते. वडील नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते आणि सन्मानपदक मिळवून परतले होते. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षांच्या गावी नदीकाठी राहायला आले. शाळेत मुलगा काही फार हुशार गणला गेला नाही. चित्रे मात्र सुरेख काढी; आईचे आणि शेजाऱ्यांचे त्याने काढलेले रंगखडूंचे चित्र आजही पाहायला मिळते.

१८३१ मध्ये, लुई आठ वर्षांचा असताना, आर्ब्वाच्या परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी यावर एकच उपाय होता. जखम तापलेल्या लोखंडाने डागायची. पाश्चर यांच्या घराजवळच्या लोहाराच्या भट्टीत ते काम चालले आणि मुलाने ते पाहिले. चावलेल्यांपैकी कित्येक जण पुढे तडफडून गेले. पन्नासेक वर्षांनी पाश्चर यांनी रेबीजचा विषय हाती घेतला, तेव्हा फ्रान्समध्ये त्या रोगाने मरणारे लोक मोजकेच होते. क्षयाने त्याहून कितीतरी पट माणसे मरत होती. तरी त्यांनी हाच रोग का निवडला, याचा विचार करताना ती भट्टी डोळ्यांपुढे येतेच.

पॅरिसला शिकायला गेलेला पंधरा वर्षांचा लुई घरच्या आठवणीने इतका खचला, की वडिलांना जाऊन त्याला परत आणावे लागले. पुढे तो पुन्हा गेला आणि टिकला. शिक्षण रसायनशास्त्राचे झाले, वैद्यकाचे नव्हे. १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी द्राक्षाच्या आम्लाचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेगळे काढले आणि दाखवले की एकाच पदार्थाचे रेणू डाव्या आणि उजव्या हातासारखे, परस्परांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे असू शकतात. आज कोणतेही नवे औषध तयार करताना त्याचा 'डावा' रेणू घ्यायचा की 'उजवा' हे पाहावे लागते, त्याची सुरुवात तिथे आहे. एवढ्यावरही त्यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात राहिले असते.

पण ते लील या कारखान्यांच्या शहरात प्राध्यापक म्हणून गेले आणि बिटापासून मद्यार्क बनवणाऱ्या एका कारखानदाराच्या नासक्या पिंपांपाशी उभे राहिले. आंबणे ही निव्वळ रासायनिक घडामोड आहे, असे तेव्हाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ मानत. पाश्चर यांना त्या द्रवात सजीव दिसले. चांगले मद्य बनवणारे यीस्ट वेगळे, ते आंबट करणारे जंतू वेगळे. पुढे सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून त्यांनी खराब होणाऱ्या वाइनचा अभ्यास केला. उपाय साधा निघाला. हवा न लागू देता वाइन पन्नास ते साठ अंशांपर्यंत तापवायची. चव बिघडत नाही आणि जंतू मरतात. १८६५ मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले. तेच 'पाश्चरायझेशन'. म्हणजे या शब्दाचा जन्म दुधासाठी नव्हे, दारूसाठी झाला. दुधाला ही पद्धत लावण्याचे श्रेय दोन दशकांनंतर फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. डेअरीत आज दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात आणि लगेच थंड करतात. क्षयाचे, विषमज्वराचे, ब्रुसेला तापाचे जंतू त्यात मरतात. दूध निर्जंतुक मात्र होत नाही. काही जंतूंची बीजे शिल्लक राहतात. म्हणूनच ती पिशवी उन्हात पडू न देता फ्रीजमध्ये ठेवायची.

सूक्ष्मजीव शून्यातून आपोआप जन्मत नाहीत, हे हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंनी दाखवण्याचा प्रयोग याच काळातला. तो शाळेत शिकवला जातो, त्यामुळे येथे विस्तार नको. त्याच काळात त्यांच्या घरात काय घडत होते, हे मात्र पुस्तकात नसते. १८५९ मध्ये मोठी मुलगी जान नऊ वर्षांची असताना विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामी गेली, त्याच वर्षी वडीलही गेले. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, पुन्हा विषमज्वराने. पाच मुलांपैकी दोन उरली. सेसिल गेली तेव्हा पाश्चर दक्षिण फ्रान्समध्ये आलेस येथे रेशमाच्या किड्यांवरचा रोग शोधत होते. सरकारने हे काम दिले तोवर त्यांनी रेशीमकिडा हातातही धरला नव्हता. कीटकांचे अभ्यासक झां-आंरी फाब्र यांनी लिहून ठेवले आहे, की पाश्चर यांनी त्यांच्याकडे येऊन एक कोष कानाशी हलवून पाहिला आणि आत काही आहे का, असे आश्चर्याने विचारले. त्याच माणसाने निरोगी अंडी सूक्ष्मदर्शकाने निवडण्याची पद्धत देऊन तो धंदा वाचवला. पत्नी मारी ही या सगळ्यात बरोबरीने होती. किडे सांभाळणे, टिपणे लिहून घेणे, रात्री मजकूर उतरवणे हे तिचे काम.

१८६८ च्या ऑक्टोबरमध्ये, ४५ व्या वर्षी, पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. नंतर चालता येऊ लागले तरी डावा हात आणि पाय कधीच पूर्ववत झाले नाहीत. आज ज्या कामामुळे त्यांना जग ओळखते, त्यातले लसींचे सारे काम या झटक्यानंतरचे आहे. प्रयोग करणारे हात बहुतेक वेळा साहाय्यकांचे असत.

मेंढपाळ आडनावाचा हा माणूस खऱ्या मेंढ्यांकडे वळला तो पन्नाशी उलटल्यावर. फ्रान्सच्या कुरणांत काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, कळपच्या कळप आडवे होत. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८७६ मध्ये या रोगाच्या जंतूचे सारे जीवनचक्र मांडले होते. पण काही विशिष्ट रानांत मेंढ्या नेल्या की त्या मरतातच, हे कोडे राहिले होते. अशा रानांना शेतकरी शापित म्हणत. पाश्चर शार्त्रच्या परिसरात जाऊन मेंढपाळांशी आणि शेतकऱ्यांशी बोलत हिंडले. एका शेतात जमिनीच्या एका तुकड्याचा रंग वेगळा दिसला. रोगाने मेलेल्या मेंढ्या तिथे पुरलेल्या होत्या आणि वर गांडुळांनी काढलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचा थर होता. पुरलेल्या जनावरांतली जंतूंची बीजे गांडुळांच्या पोटातून पुन्हा गवताशी येत होती. जनावर पुरायचे तर चराऊ जमिनीत नाही, हा सल्ला तिथून निघाला.

मग लस. कोंबड्यांच्या पटकीचे जुने, दुबळे झालेले जंतू टोचले की कोंबड्या मरत नाहीत, उलट पुढच्या रोगापासून वाचतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने १८७९-८० मध्ये पाहिले होते. तेच मेंढ्यांवर करून दाखवा, असे आव्हान पशुवैद्यांनी दिले. पाश्चर यांनी ते जाहीरपणे स्वीकारले. साहाय्यकांना तेव्हा घाम फुटला असणार, कारण तयारी पुरती झालेली नव्हती. ५ मे १८८१ रोजी पुई-ल-फोर या गावच्या शेतावर पन्नास जनावरांचे दोन गट केले. प्रत्येक गटात २४ मेंढ्या आणि एक बकरी. शिवाय काही गाईबैलही होते. एका गटाला लस, दुसऱ्याला काहीच नाही. ३१ मे रोजी सगळ्यांना जहाल जंतू टोचले. आदल्या संध्याकाळी लस दिलेली एक मेंढी तापाने फणफणल्याचे कळले आणि पाश्चर यांनी रात्र तळमळत काढली. २ जूनला दुपारी ते तिथे पोहोचले तेव्हा डॉक्टर, शेतकरी, पत्रकार अशी मोठी गर्दी जमली होती. लस दिलेल्या साऱ्या मेंढ्या चरत होत्या. लस न दिलेल्या २१ मेंढ्या आणि बकरी मरून पडल्या होत्या. आणखी दोन लोकांच्या डोळ्यांदेखत गेल्या, आणि उरलेली एक संध्याकाळपर्यंत. पुढच्या बारा-तेरा वर्षांत फ्रान्समध्ये तीस लाखांहून अधिक मेंढ्यांना ही लस दिली गेली.

या विजयाला एक डाग आहे आणि तो झाकून चालणार नाही. लस प्राणवायूच्या साहाय्याने दुबळ्या केलेल्या जंतूंची आहे, असा समज पाश्चर यांनी होऊ दिला. प्रत्यक्षात पुई-ल-फोरला वापरलेली लस त्यांचा साहाय्यक शांबरलां याने पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने तयार केली होती. रसायनाने जंतू दुबळे करण्याची वाट तुलूझचे पशुवैद्य आंरी तुसँ यांनी आधीच दाखवली होती, आणि पाश्चर यांनी त्यांना श्रेय दिले नाही. तुसँ लवकरच आजारी पडले आणि तरुणपणीच वारले. पाश्चर यांनी आपल्या प्रयोगवह्या घराबाहेर जाऊ देऊ नयेत असे सांगून ठेवले होते. नातवाने त्या १९६४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या, तेव्हा कुठे अभ्यासकांना ही गोष्ट पडताळता आली. माणूस मोठा होता आणि श्रेयाच्या बाबतीत कोता होता. दोन्ही खरे.

रेबीजचे काम याहून अवघड होते, कारण त्याचा विषाणू त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हता. जो दिसत नाही तो काचेच्या बशीत वाढवता येत नाही. पाश्चर आणि एमिल रू यांनी तो सशांच्या शरीरातच वाढवला. मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगायचा. जितके दिवस तो वाळेल तितका विषाणू दुबळा. चौदा-पंधरा दिवसांनी तो जवळजवळ निरुपद्रवी होई. चावलेल्या जागेपासून विषाणू मज्जातंतूंवरून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. त्या अवधीत शरीराला तयार केले तर चावल्यानंतरही माणूस वाचेल, हा त्यांचा तर्क.

६ जुलै १८८५ रोजी अल्सासहून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. जोसेफ मेस्टर. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला बरेच चावे घेतले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते. सुई हातात धरण्याचा त्यांना कायद्याने अधिकार नव्हता. कुत्र्यांवरचे प्रयोगही अजून पुरे झाले नव्हते. मूल लसीने दगावले असते तर ती हत्या ठरली असती. दोन डॉक्टरांनी मुलाला तपासून तो वाचणे अशक्य आहे असे सांगितले, तेव्हा ग्रांशे या डॉक्टरांनी पहिली सुई टोचली. अकरा दिवसांत तेरा सुया दिल्या, प्रत्येक आधीपेक्षा जहाल. शेवटची तर अगदी ताज्या मज्जारज्जूची. त्या रात्री पाश्चर यांना झोप नव्हती. मुलगा वाचला.

दुसरा रोगी ऑक्टोबरमध्ये आला, आणि तो मेंढपाळ होता. आर्ब्वाच्या जवळच्याच व्हिलेर-फार्ले गावचा झां-बातिस्त ज्युपिय, पंधरा वर्षांचा. रानात लहान मुलांवर पिसाळलेला कुत्रा धावून आला तेव्हा इतरांना पळता यावे म्हणून हा पोरगा मध्ये उभा राहिला. हात कुत्र्याच्या जबड्यात असतानाच त्याने चाबकाच्या वादीने त्याचे तोंड बांधले आणि लाकडी बुटाने त्याला मारले. गावच्या मेयरने पाश्चर यांना पत्र लिहिले. मुलगा पॅरिसला पोहोचेपर्यंत सहा दिवस गेले होते. मेस्टरच्या वेळी दोनच. तरी ज्युपियही वाचला. त्यानंतर आलेली दहा वर्षांची लुईझ पेलतिए वाचली नाही. तिला चावून ३७ दिवस झाले होते. उशीर झाला आहे हे पाश्चर जाणून होते, पण आईबापांना नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

पुढच्या मार्चमध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून एकोणीस शेतकरी आले. पिसाळलेल्या लांडग्याने त्यांना फाडले होते. त्यांना फ्रेंच येत नव्हते. एकच शब्द येत होता, तो म्हणजे पाश्चर यांचे आडनाव. पॅरिसमध्ये तेवढ्या एका शब्दावर ते योग्य दारात पोहोचले. एकोणिसांतले सोळा जण घरी परतले. रशियन जिभेचा 'त'ही दातांवरचाच आहे, त्यामुळे त्यांचा उच्चार इंग्रजांपेक्षा बरा झाला असणार.

लोकवर्गणीतून उभी राहिलेली पाश्चर इन्स्टिट्यूट १४ नोव्हेंबर १८८८ रोजी उघडली. तिथे काम केलेले ओडेसाचे वाल्देमार हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा मुंबईत. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, ही जुन्या पिढीची आठवणही पाश्चर यांच्याच पद्धतीचे लांबलेले टोक होते. भारतात ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. २००५ च्या सुमारास ती बंद झाली. आता दंडात चार-पाच मात्रा पुरतात. त्याआधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना लावत बसायचे नाही, आणि चावा खोल असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यायचे. लुईझच्या बाबतीत गेलेले दिवस आजही तितकेच महाग पडतात.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारले. नोत्र-दामला सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला आणि पुढच्या वर्षी शवपेटी इन्स्टिट्यूटच्या तळघरातल्या दालनात आणली गेली. दालनाच्या भिंतींवर आणि छतावर रंगीत काचतुकड्यांची नक्षी आहे. तीत द्राक्षवेली आहेत, तुतीची पाने आहेत, कोंबड्या, कुत्रे आणि चरणाऱ्या मेंढ्या आहेत. जोसेफ मेस्टर मोठेपणी याच संस्थेत दारवान झाला. ज्युपियनेही तिथेच दारवानाची नोकरी केली. बाहेर आवारात एका मुलाचा ब्राँझचा पुतळा आहे. तो कुत्र्याशी झुंजतो आहे. पुतळा पाश्चर यांचा नाही, ज्युपियचा आहे, आणि आपल्याच पुतळ्याशेजारून तो रोज कामावर जाई.